नतीज्याचा रकाना

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक बोलता बोलता माझ्या पायाकडं पाहतात आणि मग मी काय सांगते आहे याकडं त्यांचं ध्यान राहत नाही. एकदा पाहून घ्या आणि पुढचं ऐका.

अकरा वर्षांची होते. आमच्या मळ्यात मोट चालायची. बैलांच्या मागं पळताना धावेच्या उतारावरून घसरले आणि मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर आपटले. मांडीचं हाड मोडलं. गावात हाडं बसवणारा एक म्हातारा होता. त्यानं बांबूच्या कामट्या लावल्या, उडदाच्या पिठाचा लेप दिला, वरून फडकं आवळलं आणि दोन महिन्यांनी सोडून सांगितलं की जुळलं. जुळलं होतंच. वडिलांनी त्याला नारळ आणि धोतर दिलं. मी उभी राहायला लागले तेव्हा पाय आखूड झाल्याचं कळलं, पण तोवर म्हातारा दुसऱ्या गावी दुसऱ्याचं हाड बांधत होता. त्याला कुणी कळवलं नाही आणि त्यानंही कधी विचारलं नाही. त्याच्या लेखी मी बरी झालेली पोर होते.

पुढं दोन वर्षांत तीन ठिकाणांहून लोक मला पाहायला आले. तिन्ही वेळा मला चालून दाखवायला सांगितलं. तिसऱ्या वेळी मी जागची उठलेच नाही. म्हटलं, आधी तुमच्या मुलाला चालू द्या, मी बघते. पाहुणे पोह्यांना हात न लावता गेले. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वांग्या-मेथीच्या गाडीत बसवलं आणि आदिलाबादला आपल्या बहिणीच्या दारात नेऊन उतरवलं. हिला शिकव म्हणाले. मला शिक्षा दिली की सुटका केली, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

ही माझी आत्या. तरणेपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही, बाजारात भाजी विकून स्वतःचं पोट भरणारी. अंगानं आडवी, बोलायला तिखट. तिच्या टोपलीतली भाजी कुणी चिवडली तर ती त्याच्या हातावर फटका मारायची, मग तो शिपाई असो की सावकार. तिनं मला मुलींच्या शाळेत घातलं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून. घरात मराठी, बाजारात तेलुगू, पाटीवर उर्दू. मला तिन्ही गोड लागल्या. उर्दूचं उजवीकडून डावीकडं लिहिणं तर फारच आवडलं, कारण माझ्याबरोबरच्या गावाकडच्या एकाही मुलीला ते येत नव्हतं.

मी मिडल पास झाले त्याच सुमारास आदिलाबादच्या दवाखान्यात जनान्याच्या, म्हणजे बायकांच्या बाजूला एक डॉक्टरीणबाई आल्या. हैदराबादच्या. बाहेर पडताना बुरखा घालायच्या, आत आल्या की बाह्या कोपरापर्यंत चढवायच्या. त्यांना उर्दू येत होतं, इंग्रजी येत होतं, पण खेड्यातल्या बाया जे बोलायच्या त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. एखादी म्हणायची, अंगावरून जाऊन राह्यलं, आणि बाई विचारायच्या, कौन जा रहा है? मराठी दुखणं उर्दूत उतरवू शकेल अशी बाई त्यांना हवी होती. आत्या दवाखान्यात भाजी पोचवायची. तिनं मला धरून त्यांच्यापुढं उभं केलं आणि सांगितलं, हिचा पाय लंगडा हाय, हात नाई.

माझं काम रजिस्टराचं. नाव, वय, गाव, दुखणं, आणि सगळ्यात शेवटी नतीजा. नतीजा म्हणजे पुढं काय झालं ते. तिथं तीनच शब्द लिहायची पद्धत होती. मेला तर इंतकाल. थोडं बरं वाटलं तर इफाका. बरा होऊन गेला तर शिफा. दोन दिवसांत माझ्या ध्यानात आलं की जो कुणी दवाखान्याच्या फाटकातून जिवंत बाहेर पडतो, त्याच्यापुढं शिफा लिहितात. पानंच्या पानं शिफा. इतकी बरी माणसं जिल्ह्यात असती तर दवाखाना बंद करावा लागला असता.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की लहानपणी मला इथं आणलं असतं तर माझ्यापुढं काय लिहिलं असतं. त्यांनी मला बाकावर निजवलं, शिंप्याची फीत आणून दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत मोजले, आणि फीत गुंडाळत म्हणाल्या, "शिफा लिखते, बेटी. और झूठ लिखते."

त्या दिवसापासून मला त्या आवडल्या.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा असा गेला. मग ऐन थंडीत एका सकाळी बाजारातून निरोप आला की आत्या पडली. खरं म्हणजे ती पडली नव्हती. टोपली खाली ठेवायला वाकली आणि मांडीचं हाड मोडलं. शेजारच्या कांदेवालीनं आवाज ऐकला. वाळलेली तुरीची काडी मोडावी तसा, असं ती सांगत होती. ना ठेच, ना धक्का. हाड मोडलं, मग ती पडली. हा क्रम तेव्हा कुणी नीट ऐकला नाही. मीही नाही.

दाराच्या फळीवर निजवून तिला आणलं. दवाखान्यात हाडांचं काम मर्दान्याच्या बाजूचे मोठे डॉक्टर पाहायचे. ते दवाखान्याचे प्रमुख. हात सफाईदार होता त्यांचा, हे मी नाकारत नाही. त्यांनी आत्याचा पाय ओढून सरळ केला, फळ्या बांधल्या, पायाला दोरी लावून दोरीला विटा टांगल्या आणि असंच पडून राहायचं म्हणून सांगितलं. परक्या पुरुषासमोर आत्यानं डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं होतं. डॉक्टरांनी पांघरुणाबाहेरचा पाय तेवढा पाहिला. पायाबद्दल विचारलं. तिनं पायाबद्दल सांगितलं.

दोन महिने झाले, अडीच झाले. हाड जुळेना. तिच्या शेजारी खाटेवर तसंच मोडलेली एक तेलीण होती, ती काठी घेऊन चालायला लागली. आत्या मात्र दिवसेंदिवस वाळत चालली. रात्रंदिवस कंबर दुखते म्हणायची. मोठे डॉक्टर म्हणाले, म्हातारं हाड आहे, वेळ लागतो, घरी न्या. खाट रिकामी करायची होती. तिला उचलायला चौघं आले आणि डॉक्टरांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवून सांगितलं, "शिफा लिख दो."

माझ्या हातात टाक होता. खाटेचे चार पाय चौघांच्या हातात होते. मी म्हटलं, "साहेब, ही चार माणसांच्या हातावर चाललीय. मी शिफा नाही लिहिणार."

ते म्हणाले की ती माझी नातेवाईक आहे म्हणून मी हट्ट करते आहे. मी म्हटलं, असेल. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. सुंदर अक्षर होतं त्यांचं. तो शब्द अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला आंघोळ घालायला बसले. इतके दिवस दवाखान्यातली दाई तिचं अंग पुसायची आणि आत्या तिला चोळीला हात लावू द्यायची नाही. मलाही देईना. मी तिच्यापेक्षा हट्टी. चोळी सोडली तेव्हा आत कडुलिंबाचा पाला घालून घट्ट बांधलेलं फडकं निघालं. फडक्याखाली डावी छाती आत ओढली गेली होती, दगडासारखी टणक, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, आणि एका जागी फुटलेली. मी तांब्या खाली ठेवला. पाणी निवलं.

"कदीपासून हाय हे?" मी विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच तिचा अपराध केला होता. "कोनाले सांगू? तुमच्या दवाखान्यात अडीच महिने पडून होती मी. कोनी इचारलं का? पायाचं इचारलं, पायाचं सांगतलं."

मी तशीच ओल्या हातांनी डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या बुरखा घालून माझ्याबरोबर पायी आल्या. आमच्या घरात जमिनीवर बसून त्यांनी आत्याला तपासलं, काखेत हात घालून गाठी चाचपल्या, कमरेच्या मणक्यांवर एकेक बोट दाबून पाहिलं. मग हात धुऊन त्यांनी सगळं आत्यालाच सांगितलं. मी मराठीत करून देत होते. मला वाटलं होतं त्या मला बाजूला घेतील आणि म्हातारीला काहीतरी गोड बोलतील. तसं काही त्यांनी केलं नाही. हा छातीतला कॅन्सर आहे, तो रक्तातून हाडात उतरला आहे, त्यानं हाड आतून पोखरलं म्हणून ते नुसतं वाकल्यावर मोडलं, आणि म्हणूनच ते जुळत नाही. गाठ लहान असताना आली असतीस तर काढता आली असती. आता दुखणं कमी करायला औषध देते, त्यापलीकडं माझ्या हातात काही नाही.

आत्या छताकडं पाहत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पाय मोडला तवाच जर कोनी छातीले हात लावला असता, तर समजलं असतं."

बाईंनी होय म्हणून मान हलवली.

"मंग लिवून ठेवा हे. बाई हाड मोडून आली का आदी तिचा पदर काढून पाहा म्हना. आन मानसानं नोका पाहू, बाईनंच पाहा."

ती आणखी पाच महिने जगली. औषधाचे थेंब घेऊन निजून असायची आणि जाग आली की शिव्या द्यायची. मोठ्या डॉक्टरांना, देवाला, मला, कांद्याच्या भावाला. मी तिला गप्प बसवलं नाही. ती गेली तेव्हा बाजारातल्या सगळ्या भाजीवाल्या एक दिवस बसल्या नाहीत.

तिच्या तेराव्यानंतर मी कामावर गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक नवी वही आणून माझ्यापुढं ठेवली होती. सरकारी नव्हे, त्यांनी स्वतः आणलेली, जाड पुठ्ठ्याची. त्या म्हणाल्या की आपण आता दोन कामं करू. एक, जनान्यात येणारी प्रत्येक बाई, मग ती हात मोडून येवो की खोकला घेऊन, तिची छाती पाहायची आणि अंगावरून जास्त जातं का ते विचारायचं. तिला मुलं किती, पहिलं कितव्या वर्षी झालं, अंगावर किती दिवस पाजलं, घरात आई-मावशी-आत्या कुणाला असं झालं होतं का, तंबाखू खाते का, हे सगळं लिहायचं. दुसरं, ज्यांच्यापुढं शिफा लिहिलंय त्यांच्या घरी जायचं. सहा महिन्यांनी, वर्षानं. पाहायचं की त्या कशा आहेत, आणि वहीत त्या शिफापुढं ते लाल शाईनं लिहायचं.

दुसरं काम माझं होतं. लंगडी असल्यानं मला बैलगाडीत जागा मिळायची, एवढा एक फायदा.

त्या दोन वर्षांत मी जेवढी गावं पाहिली तेवढी पुढच्या सबंध आयुष्यात पाहिली नाहीत. पैनगंगेच्या काठची, जंगलातली, काळ्या रानातली. घराच्या ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं, मग विचारायचं की अमकी कुठं आहे. पहिल्याच गावात सासू म्हणाली, ती तर गेली, पोळ्याच्या आदी. छातीची गाठ फोडून पू काढला आणि घरी पाठवलं होतं तिला. रजिस्टरात शिफा. दुसऱ्या एका गावी गर्भाशयाचं दुखणं असलेली बाई गोठ्यात राहत होती, वास येतो म्हणून घरच्यांनी तिकडं ठेवलं होतं. तीही शिफा. तिनं मला विचारलं की सरकार माझी चौकशी काऊन करून राह्यलं. मी म्हटलं, सरकार नाही, मी करतेय. ती हसली. तिला बाईंचं औषध मिळावं म्हणून मी त्याच गाडीनं तिला घेऊन आले. घरच्यांना विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मला लिहायला जड गेली. त्याच फेऱ्यांत मी गावठी हाडवैद्यांनी हाडं बसवलेली माणसंही पाहत होते, आणि मला पक्कं ठाऊक होतं की त्यांनी सगळ्यांचं माझ्यासारखं वाटोळं केलं असणार. तसं निघालं नाही. हाताची, मनगटाची, पोरांच्या दंडाची हाडं त्यांनी झकास बसवलेली होती. काही तर दवाखान्यातल्यापेक्षा चांगली, कारण दवाखान्यात पट्टी फार दिवस ठेवून बोटं आखडून गेली होती. मांडीचं हाड मात्र त्यांना जमत नव्हतं. मी ते सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि म्हटलं, हे लिहायचं का? त्या म्हणाल्या की मनासारखं तेवढंच लिहायचं असेल तर मोठ्या डॉक्टरांत आणि तुझ्यात फरक काय? मी निमूट लिहिलं. ज्या म्हाताऱ्यानं माझा पाय बिघडवला, त्यानं बसवलेला एका कुंभारणीचा हात मी स्वतः दाबून पाहिला. सरळ होता. तेही लिहिलं.

किती जणी, त्यांतल्या किती जिवंत, तो आकडा मी इथं देत नाही. वही माझ्याजवळ नाही, आणि आठवणीतून आकडा सांगायचा म्हणजे पुन्हा शिफाच लिहायचं.

वहीतले प्रश्न बाईंनी मलाही विचारले. आत्याला झालं, म्हणजे रक्ताच्या नात्यात. मूल नाही, पाजलेलं नाही. त्या म्हणाल्या की बिनलग्नाच्या, मूल न झालेल्या बायांना छातीचा हा रोग थोडा जास्त होतो असं परदेशातल्या डॉक्टरांनी लिहिलंय, तेव्हा तू दर महिन्याला स्वतःला चाचपून पाहत जा. मी भ्याले. तीन-चार रात्री झोप नाही आली. पण भ्याले म्हणून प्रश्न खोडला नाही.

हे कसं कोण जाणे आमच्या भाऊबंदांत पोचलं. मी गावी गेले असताना वडिलांचे एक चुलतभाऊ एका बिजवराचं स्थळ घेऊन आले. दोन मुलांचा बाप, किराणा दुकान. काका म्हणाले की आता तर डॉक्टरच म्हणतात, लग्न न करणारीला असला रोग होतो, देवानंच नेम करून ठेवलाय तो. वडील माझ्याकडं पाहत होते. मी म्हटलं, "काका, बाळंतपणात मेलेल्या बायाही आमच्या रजिस्टरात आहेत. त्यांच्यासाठी देवानं कोणता नेम केला होता ते सांगा, मग मी लग्नाचं बघते." काकांनी चहा संपवला आणि उठले. वडील मला गाडीपर्यंत पोचवायला आले. त्यांनी गाडीत एक गोणपाटाची बैठक घालून दिली, पायाला हिसके बसू नयेत म्हणून.

मग मनगट मोडलेली एक बाई आली. पंचविशीची, कापूस वेचायला जाणारी, ओल्या बांधावरून घसरून पडलेली. नवरा बरोबर होता. नियमाप्रमाणं बाईंनी तिला पडद्यामागं नेलं आणि छाती पाहिली. उजवीकडं चिंचोक्याएवढी गाठ निघाली. तिला स्वतःलाही ठाऊक नव्हती. बाईंनी सांगितलं की हैदराबादला जाऊन ही काढून टाकायला हवी, आत्ताच, लहान आहे तोवर. नवरा भडकला. मोडलेल्या हाताची बाई आणली तर एक लंगडी कुवार पोरगी तिला पदर काढायला लावते आणि तिची लाज वहीत लिहिते, असा अर्ज त्यानं थेट तालुकदाराकडं दिला. जिल्ह्याचे सगळ्यांत मोठे अंमलदार ते. अर्ज त्याला कुणी लिहून दिला हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्यातली उर्दू मात्र कापूस वेचणाऱ्याच्या घरातली नव्हती.

त्या बाईला एक भाऊ होता, मोठा गुणी. मी त्याच्या गावी जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो बहिणीला मोटारीत घालून निर्मळवरून निजामाबादला घेऊन गेला आणि तिथून आगगाडीनं हैदराबादला. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या आपल्या शिक्षिकेच्या नावानं चिठ्ठी दिली होती.

इकडं मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. वही टेबलावर ठेवा म्हणाले. त्यांनी आधीच पानं चाळलेली असावीत. त्यांना बायांच्या लाजेचं फारसं काही नव्हतं. आपल्या हातच्या शिफांपुढं आम्ही लाल शाईनं काय काय लिहिलंय ते त्यांना झोंबलं होतं. हे रजिस्टर माझ्यावर आरोपपत्र आहे असं ते म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की यात माझे स्वतःचेही मेलेले रोगी आहेत, ती पानं साहेबांनी वाचली नाहीत का? ते खरं होतं. तीही लाल शाईनंच लिहिली होती. तरी वही ठेवून घेतली गेली आणि चौकशी लागेपर्यंत मी कामावर यायचं नाही असं ठरलं.

चौकशी लागायला चार महिने गेले. कचेरीचं काम. तेवढ्या दिवसांत मी आत्याची टोपली घेऊन तिच्या जागेवर बसले आणि भाजी विकली. दवाखान्यातली माणसं समोरून जायची तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं ओरडून विकायची.

तालुकदार साहेब दवाखान्याच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले. एका बाजूला मोठे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पडद्याआड डॉक्टरीणबाई. अर्जदार नवरा उभा होता. मीही उभी होते. बस म्हणाले तरी बसले नाही. साहेबांनी मला विचारलं की परक्या बाईला असले प्रश्न विचारण्याचा हक्क तुला कुणी दिला. मी उर्दूतच सांगितलं की माझी आत्या याच दवाखान्यात अडीच महिने होती आणि तिला कुणी काहीच विचारलं नाही. लाजेनं कुणाला वाचवलेलं मी अजून पाहिलं नाही. हुजुरांनी पाहिलं असेल तर सांगावं.

साहेबांचा कारकून, पेशकार, माझ्या अंगावर ओरडला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

तेवढ्यात फाटकातून ती मनगटाची बाई आली. मागं तिचा भाऊ. मी तिला बोलावलं नव्हतं, देवाशपथ. तिनं बाजारात ऐकलं होतं. डोक्यावरून पदर, तोंड दिसत नव्हतं, आवाज बारीक. तिला विचारलं की तुझ्या नवऱ्याचा अर्ज खरा आहे काय. ती म्हणाली की खरा आहे, पदर काढायला लावला होता.

"मंग तुझी तक्रार काय हाय?" पेशकारानं मराठीत विचारलं.

"माही तक्रार नाई," ती म्हणाली. "तिथं गाठ कापून काढली. तिथल्या डाक्टरनी म्हने, थोडी मोठी झाली असती तर मग कापून बी कामाची नव्हती. मले इचारलं, म्हनून मी हाय."

नवरा खाली पाहत होता. साहेबांनी त्याला विचारलं, अर्ज ठेवायचा की मागं घ्यायचा. त्याच्या बायकोनंच पुढं होऊन टेबलावरचा कागद उचलला, घडी केली आणि कमरेला खोचला. सरकारी कागद होता तो. पेशकार उठला, पण साहेब काही बोलले नाहीत म्हणून पुन्हा बसला.

आमचा विजय झाला असं कुणाला वाटेल. वही परत मिळाली नाही. ती तपासासाठी हैदराबादला पाठवली असं सांगण्यात आलं आणि पुढं कुणालाच तिचा पत्ता लागला नाही. दोन वर्षांची माझी पायपीट, त्या सगळ्या बायांनी ओट्यावर बसून सांगितलेलं, सगळं गेलं. हुकूम एवढाच निघाला की हाडमोडीची बाई आली तर आधी जनान्यात पाहावी, आणि मला कामावर परत घ्यावं.

मी रडले, संतापानं. डॉक्टरीणबाईंनी मला रडू दिलं. मग विचारलं की उद्यापासून नवी सुरू करायची की परवापासून. मी म्हटलं, आजपासून. दुपारी बाजारातून वही आणली, रकाने आखले, आणि पहिल्या ओळीत आत्याला लिहिलं. तिच्यापुढं इंतकाल लिहिलं, आणि का ते पूर्ण लिहिलं. रकान्यात मावलं नाही, तर समासात लिहिलं.

मोठे डॉक्टर माझ्याशी पुन्हा कधी सरळ बोलले नाहीत. मीही त्यांना सलाम केला नाही. आमचं असंच चाललं. हुकूम होता तरी मर्दान्याच्या बाजूनं कुणी बाई आमच्याकडं लवकर पाठवत नसत. मी सकाळी स्वतः तिकडं जाऊन खाटा पाहायची आणि एखादी बाई पांघरूण घेऊन पडलेली दिसली की उचलून आणवायची. कंपाउंडर कुरकुरायचा. त्याला सांगायची, हुकूम वाच, तुला वाचता येतं ना?

वर्षभरानं एका दुपारी त्याच कंपाउंडरनं एका बाईला आमच्या दारात आणून सोडलं आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली. खांद्याजवळचं हाड मोडलेली मध्यमवयाची बाई. चिठ्ठीवर तेच सुंदर अक्षर. एवढंच लिहिलं होतं: पहले आप देखें.

बाईंनी तिला पडद्यामागं नेऊन सावकाश तपासलं. काही नव्हतं. ती चांगली धडधाकट होती, बैल उधळले आणि गाडीतून फेकली गेली होती. मी मुलं किती, पाजलं किती, घरात कुणाला काही, सगळं विचारून लिहिलं. तिनं एका हातानं पदर सावरला, हाताला पट्टी बांधून घ्यायला निघाली आणि दारात थांबून म्हणाली की एवढं इचारलं, आता अजून काय ऱ्हायलं?

मी नतीज्याचा रकाना कोरा ठेवला आणि तिला तिच्या गावची वाट विचारली. ओढ्याच्या अलीकडून वळायचं की पलीकडून, आणि पावसाळ्यात गाडी जाते की नाही.